दादाच्या बाजूच्या पट्ट्या

ही गोष्ट खरी आहे. मी त्या खोलीत होतो आणि ती होडी अजून आहे, माझ्या मुलीच्या घरी, कपाटावर. ज्याला बघायची त्याने खुशाल बघावी. नुसती बघून काही कळणार नाही, एवढं आधीच सांगतो.

तुमच्या पानावरच्या बहुतेक भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे. लख्ख उन्हातली. रविवार होता, सव्वातीन वाजले होते आणि खिडकी उघडी होती. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं.

मला लिहायला उशिरा आलं, पन्नाशी उलटल्यावर. त्यामुळे फुलवून सांगता येत नाही. घडलं तसं सांगतो.

आम्ही दोघे भाऊ एकाच होड्यांच्या कारखान्यात होतो. दादा वर, नकाशे काढायच्या खोलीत. मी खाली, फळ्या बसवायला. दादाचा सदरा संध्याकाळी पण पांढराच असायचा. माझ्या नखांतलं डांबर सुट्टीच्या दिवशीही निघायचं नाही. चाळीस वर्षं मी खऱ्या होड्या बांधल्या. समुद्रात जाऊन माणसांसकट परत आलेल्या.

पण आमच्या घरात होडी म्हटलं की नाव दादाचंच.

कारण दादा छोट्या होड्या करायचा. त्यांचा खोका मिळतो. आत कापून ठेवलेला लाकडी कणा असतो, फासळ्या असतात, काडीएवढ्या बारीक पट्ट्यांची जुडी, दोऱ्याची गुंडी, मोहरीएवढ्या कप्प्या आणि घडी घातलेला नकाशा. सगळं मोजून मापून. चाळीस पट्ट्या लागणार असतील तर चाळीसच. दादा तो खोका घेऊन बसला की चार-चार महिने बाकी जगाला सुट्टी.

आणि त्याच्या समोर बसायची माझी मुलगी.

आता सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो. माझ्या पोटात दुखायचं. फार दुखायचं.

ती आठ वर्षांची असताना तिची आई गेली. दादा साडेचारला घरी यायचा, मी सातला. शाळा सुटली की ती थेट खाली, दादा-वहिनीकडे. मी येईपर्यंत तिचं जेवण झालेलं, अभ्यास झालेला आणि ती टेबलाशी चिकटलेली. मी दारात उभा राहून म्हणायचो, "चल वर."

ती मान वर न करता म्हणायची, "बाबा, सरस वाळतोय. पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं मी वर्षानुवर्षं दारात उभ्याने काढली.

केसासारखे बारीक खिळे ती नखांच्या चिमटीत उचलायची. म्हणून दादाने तिचं नाव ठेवलं चिमटी. सगळं घर चिमटी म्हणायला लागलं. तिच्या आईने हौसेने ठेवलेल्या नावाने मी एकटा हाक मारायचो. ती ओ द्यायची नाही. शेवटी मीही चिमटीच म्हणायला लागलो.

मोठी होऊन ती दातांच्या कवळ्या बनवायला शिकली. दुसऱ्या गावी तिचं छान चाललंय. एकेक दात घासून, रंग जुळवून बसवायचा. लोक म्हणतात, "हात अगदी काकांचा आलाय पोरीत." माझ्यासमोर म्हणतात. मी हसतो. दुसरं काय करणार.

ह्या कामातला एक नियम तुम्हाला माहीत असला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पट्टी पाण्यात भिजवून, वाकवून, सरस लावून फासळ्यांवर बसवतात. ती वाळताना आखडते आणि आपल्याकडे ओढते. सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला लावल्या तर कणा त्या बाजूला केळ्यासारखा वाकतो. मग होडी गेली कामातून. म्हणून एक पट्टी इकडे लावायची की लगेच दुसरी तिकडे. हा नियम खऱ्या होडीला आहे तसाच छोटीलाही.

दादा खिडकीकडच्या बाजूला बसायचा, चिमटी भिंतीकडच्या. एक पट्टी त्याची, एक तिची. "झाली माझी," दादा म्हणायचा. मग ती लावायची आणि म्हणायची, "झाली माझी." असं तासन् तास. तिसऱ्या माणसाला त्यात जागाच नव्हती.

गेल्या वर्षी दादा गेला. दुपारी, त्याच खुर्चीत, बसल्या जागी.

टेबलावर नवी होडी होती. मासेमारीची, एका डोलकाठीची, हातभर लांब. कण्यावर फासळ्या उभ्या झाल्या होत्या. पट्टी एकही लागलेली नव्हती. पट्ट्या चिमटी आली की दोघं मिळून लावणार होते.

महिन्याभराने वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, चिमटीचा फोन होता. तीन आठवड्यांनी येतेय, रविवारी. होडी आहे तशी ठेवा म्हणाली. ती बसवेल पट्ट्या."

"मी करून ठेवतो की."

वहिनी माझ्या हातांकडे बघत राहिली. "तुम्ही?"

"चाळीस वर्षं मग काय माशा मारत होतो?"

"ते घणाचं काम हो. हे नाजूक आहे. ह्यांनी तर तुम्हाला कधी टेबलाला टेकूसुद्धा दिलं नाही."

"म्हणूनच," मी म्हणालो.

"म्हणूनच काय?"

मी होडी उचलली, जुडी काखेत मारली आणि जिना चढलो.

माझ्या मनात काय होतं ते लिहायला लाज वाटते. पण खरं सांगायचं ठरलंय.

मी ठरवलं की फक्त एक बाजू करायची. भिंतीकडची. सगळ्या वीस पट्ट्या लावून, घासून, पॉलिश करून आरशासारखी करायची. आणि खिडकीकडची, दादाची बाजू उघडी ठेवायची. नुसत्या फासळ्या. चिमटीने येऊन एकदा इकडून बघावं, एकदा तिकडून बघावं आणि म्हणावं, "बाबा, हे तुम्ही केलंत?"

एवढं एकच ऐकायचं होतं मला. बाकी काही नको होतं.

नियम मला पाठ होता. पण म्हटलं, कण्याला खालून जाड फळी बांधू, दोन्ही टोकांना शिकंजे आवळू. वाकतो कुठे जाऊन. आपण काय कालचे आहोत का.

पहिल्या आठवड्यात पाच पट्ट्या लागल्या. बोटं जाड, पट्ट्या बारीक. दोन ठिकाणी अंगठा कापला. पण बसल्या. मग मी शिकंजे सोडले आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरा ताणून बघितला.

कणा सरळ.

मी खूश. म्हटलं, बघा, नियम म्हणे.

नऊ पट्ट्या झाल्या. परत दोरा ताणला.

सरळ... केसाचाही फरक नाही.

आता मात्र मी खूश झालो नाही. मी लाकडात जन्म काढलाय. नऊ ओल्या पट्ट्या एका बाजूला वाळल्या आणि कणा हलला नाही, असं होत नाही. दुसऱ्या बाजूने तेवढंच कुणीतरी ओढत असेल तरच होतं.

दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

मग जुडीकडे लक्ष गेलं. सकाळपासून बारीक वाटत होती. सोडून मोजली. चाळीसातल्या नऊ मी वापरल्या. एकतीस उरायला हव्यात.

बावीस होत्या.

परत मोजल्या. टेबलाखाली बघितलं, भिजवायच्या पाण्यात बघितलं, खोका उलटा केला.

बावीस.

खाली जाऊन वहिनीला विचारलं, "माझ्या खोलीतल्या पट्ट्या घेतल्यात का?"

"मी कशाला घेऊ त्या काड्या? दात कोरायला?"

"नऊ कमी आहेत."

"मग नीट मोजा. आणि भाऊजी, दिवसभर नुसते त्या होडीपुढे बसून काय राहता? बाहेर तरी पडत जा."

नुसते बसून. म्हणजे माझं काम हिच्या लेखी बसणं. दादा बसला की ते काम, मी बसलो की नुसता बसलो. तोंडात मारल्यासारखं झालं. मी तसाच वर आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दहावी पट्टी लावली. ती धरून ठेवायला छोट्या हातोडीने बारीक खिळे मारत होतो. ठक, ठक, ठक. प्रत्येक फासळीवर एक. शेवटचा खिळा मारून हातोडी खाली ठेवली.

...ठक.

मी खिडकीकडे बघितलं. खाली गल्लीत कुणी नव्हतं. पंखा बंद होता.

अकरावी पट्टी लावली. मुद्दाम मोजून खिळे मारले. बारा. हातोडी ठेवली आणि श्वास रोखून बसलो.

ठक... ठक... ठक...

मोजून बारा. माझ्यापेक्षा हळू. सावकाश, एकसारखे. घाई नसलेल्या माणसाचे.

आणि ओल्या लाकडाचा वास आला. माझी पट्टी तर लावून झाली होती.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच खोली सोडायची होती. पण तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं सांगू? हा अजूनही माझ्यापेक्षा नीट खिळे मारतोय... हे आलं.

दोन दिवसांनी वहिनी खोली झाडायला वर आली. फडक्याने टेबल पुसलं, मग खिडकीकडून होडी पुसली. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, एका लांब हाताने. मी खाटेवरून बघत होतो.

त्या बाजूला उघड्या फासळ्या होत्या. बारीक, धारदार कडांच्या. फडकं प्रत्येक फासळीवर अडकायला हवं होतं.

फडकं कुठेच अडकलं नाही.

सरळ गेलं. पाटीवरून जावं तसं.

"वहिनी..."

"काय?"

"काही नाही."

ती गेल्यावर मी दार लावलं. होडी उचलली आणि उघडी बाजू उन्हाकडे धरली. वरून आत बघितलं. फासळ्यांच्या फटींतून ऊन आत यायला हवं होतं, आतल्या बाजूला पट्टे पडायला हवे होते.

आत अंधार होता. बंद पेटीत असतो तसा.

मला फासळ्या दिसत होत्या. त्यांच्या मधली मोकळी जागा दिसत होती. ऊन तिथपर्यंत येऊन थांबत होतं.

मी बोट पुढे केलं... दोन फासळ्यांच्या मधे... जिथे काहीच नव्हतं तिथे.

बोट टेकलं.

लाकूड होतं. गार, गुळगुळीत, घासून तयार केलेलं.

 पण हात मी मागे घेतला नाही. उलट डोळे मिटले आणि बोटाने सांधे शोधायला लागलो. सुताराला सांधा डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. दोन पट्ट्या कुठे मिळाल्यात ते मला अंधारातसुद्धा सांगता येतं.

मला एकही सांधा सापडला नाही.

नख फिरवलं. अंगठ्याने दाबून बघितलं. जिभेच्या टोकानेसुद्धा बघितलं, कुणी बघत नव्हतं म्हणून. कुठे सरसाचा थेंब सुकलेला नाही, कुठे खिळ्याचं डोकं वर नाही. मी अर्धी दुपार त्याची चूक शोधत होतो. मेलेल्या माणसाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कामात मला एक चूक हवी होती. एकच.

नव्हती.

मग मी पटाशी घेतली. म्हटलं, उपटूनच काढतो. पण उपटायला धार कुठेतरी घालावी लागते. मी धार टेकवत गेलो, वर, खाली, टोकाला, मधे. फटच नव्हती. पटाशी दर वेळी घसरली. शेवटच्या वेळी घसरून माझ्याच तळहातात गेली.

मी फडकं बांधून तिथेच जमिनीवर बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "दादा, पुरे आता. हे तरी सोड मला."

खोलीत काही हललं नाही. थोड्या वेळाने खुर्ची करकरली. मी जमिनीवर होतो, खुर्ची रिकामी होती. लाकूड उन्हाने तापलं की करकरतं, मला माहीत आहे. मी तसंच समजलो.

उरलेल्या पट्ट्या मी कशा लावल्या, मला आठवत नाही. ईर्षेने लावल्या. मी एक लावायचो, जुडीतल्या दोन कमी व्हायच्या. मी खिळे मारून थांबायचो, पलीकडून तेवढेच यायचे. नंतर नंतर मी थांबतसुद्धा नव्हतो. कुणाची आधी होते ते बघू, असं चाललं होतं आमचं. लहानपणी विहिरीवर बादल्या भरताना करायचो तसं. तेव्हाही तोच जिंकायचा.

शनिवारी माझी विसावी पट्टी लागली. जुडी संपली. टेबलावर नुसता दोरा राहिला.

मी रात्री उशिरापर्यंत नाही, पण दिवे लागेपर्यंत घासत होतो. मग पॉलिशचे तीन हात दिले. रविवारी सकाळी बघितलं तर माझी बाजू चकाकत होती. खोटं कशाला बोलू, सुंदर झाली होती. दादाइतकी नसेल. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम होतं ते.

मी होडी फिरवून ठेवली. माझी बाजू दाराकडे.

सव्वातीनला चिमटी आली. खाली काकूला भेटून थेट वर. पिशवी अजून खांद्यावरच होती. दारातून तिने होडी बघितली आणि तिथेच थांबली.

तिचे डोळे भरून आले.

"बाबा..."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. चाळीस वर्षांत कुठल्या होडीने दिलं नाही ते त्या क्षणी मिळालं.

ती पुढे आली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत."

"काय?"

"काकू म्हणाली होती तुम्ही हट्टाने वर घेऊन गेलात. मला वाटलं, संपलं, तुम्ही करून टाकणार सगळी. रस्ताभर मनात भांडत आले तुमच्याशी. आणि तुम्ही तशीच ठेवलीत, माझ्यासाठी."

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टेची सवय तिला काकाकडूनच लागली होती.

"चिमटे, नीट बघ."

"बघतेय की." ती वळसा घालून खिडकीच्या बाजूला गेली. वाकली. उघड्या फासळ्यांवरून तळवा फिरवला. तळवा कुठे खाली-वर झाला नाही. "ही काकांची बाजू. कधी पुरी केली त्यांनी? मला बोलले नाहीत. सांधे बघा बाबा, दिसतसुद्धा नाहीत."

"आणि ही?"  मी माझ्या बाजूवर हात ठेवला. हाताखाली माझं पॉलिश लागत होतं. "ही कशी झालीय?"

"ही राहिलीय ना. ही माझी."

"राहिलीय?"

"मग काय झालीय? नुसत्या फासळ्या तर आहेत." तिने पलीकडून वाकून बोट पुढे केलं. माझ्या चौथ्या पट्टीवर... जिच्यासाठी अंगठा कापला होता तिच्यावर...

बोट आत गेलं.

लाकूड फुटलं नाही. आवाज झाला नाही. दोन पेरं आत गेलं. मी बघत होतो. पट्टी अखंड होती, चकाकत होती आणि माझ्या मुलीचं बोट तिच्यातून आरपार होतं.

"बघा, कडा पण घासायच्यात अजून," ती म्हणाली. आतून बोट फासळीवर खरवडलं. तो आवाज मी ऐकला.

समोरच्या गच्चीवरची गादी झोडपणं तेव्हाच थांबलं.

मी खाटेवर बसलो. तिला वाटलं, दादाच्या आठवणीने बसलो. ती येऊन माझ्याजवळ बसली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. लहानपणानंतर पहिल्यांदा.

"मी तुम्हाला ओळखलंच नाही बाबा," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला काकांचा राग येतो."

मी काय बोलणार होतो? सांगू, की वीस पट्ट्या लावल्यात, त्याला खाली पाडायला? तिने मला जे दिलं ते मी काहीच केलं नाही म्हणून दिलं होतं. केलं होतं म्हटलं असतं तर तेही गेलं असतं. 

"पट्ट्या कुठायत?" तिने विचारलं.

"भिजवताना वाया गेल्या. माझ्या हातून."

"वीसच्या वीस?" ती हसली. "तरी म्हटलं, बाबा आणि हात लावणार नाहीत. असू देत. काकांच्या खणात सुट्या आणून ठेवलेल्या असतील."

होत्या. होडी खाली दादाच्या टेबलावर नेऊन तिने कामाला सुरुवात केली आणि मला म्हणाली, "बसा ना इथे. पट्ट्या भिजवून द्या मला." मी दादाच्या खुर्चीकडे गेलो तशी म्हणाली, "तिथे नको हं. स्टूल घ्या."

आठ दिवस ती राहिली. आठ दिवस मी तिला पट्ट्या भिजवून दिल्या आणि तिने त्या माझ्या पट्ट्यांवर चिकटवल्या. माझ्या डोळ्यांसमोर. एकेक करून माझं पॉलिश झाकत गेलं. प्रत्येक पट्टी झाली की ती म्हणायची, "झाली माझी." आणि जरा थांबायची. सवयीने थांबत असेल.

त्या थांबण्यात मला पलीकडून काही ऐकू आलं नाही. त्याचं काम झालेलं होतं.

वहिनीला मी नंतर जिन्यात गाठलं. "तुम्ही पुसलीत तेव्हा होडी कशी होती?"

"कशी म्हणजे? ह्यांची बाजू झालेली, चिमटीची राहिलेली. खाली होती तेव्हापासून तशीच."

"मी वर नेली तेव्हा दोन्ही बाजू उघड्या होत्या वहिनी."

तिने माझ्या तळहाताला बांधलेल्या फडक्याकडे बघितलं. "भाऊजी, डॉक्टरला दाखवा एकदा," एवढंच म्हणाली. कशासाठी ते म्हणाली नाही.

तुम्हीही तेच म्हणाल. म्हातारा भ्रमला. मीही तसंच म्हटलं असतं, आणि सुटलो असतो.

पण जायच्या आदल्या दिवशी चिमटीने डोलकाठी बसवायच्या आधी होडी पाण्याच्या टपात सोडली. सरळ तरंगते का बघायला.

होडी तिच्या बाजूला कलली. भिंतीकडच्या.

तिने उचलून पुसली, परत सोडली. परत तिकडेच. तराजूच्या काट्यासारखी.

"असं कसं?" ती म्हणाली. "दोन्हीकडे वीस-वीसच पट्ट्या आहेत. एकच लाकूड. काकांची बाजू तर बिनचूक आहे. माझंच काहीतरी चुकलं."

तिचा चेहरा पडला. लहानपणी खिळा वाकडा गेला की पडायचा तसा. मला एक वाक्य बोलायचं होतं. तुझं काही चुकलं नाही, तुझ्या बाजूला चाळीस आहेत.

मी टपातल्या पाण्याकडे बघत बसलो.

तिने काकांच्या बाजूला आतून शिशाची एक गोळी चिकटवली. वाटाण्याएवढी. मग होडी सरळ झाली. चेहरा मात्र तसाच राहिला. अजूनही फोनवर मधेच म्हणते, "बाबा, माझ्याकडून त्या होडीत काय राहिलं असेल हो?"

माझ्या वीस पट्ट्या वाटाण्याएवढ्या शिशाच्या भरतात, एवढं मला कळलंय. त्या आहेत. मी त्या लावल्या. ह्याच्यावर माझा विश्वास आहे आणि तेवढ्यावरच मी शहाणा आहे.

तिच्याकडे जातो तेव्हा आल्यागेल्याला ती होडी दाखवते. "ही बाजू काकांची, ही माझी." लोक दोन्हीकडून हात फिरवतात, वाहवा करतात. आता मलाही दोन्ही बाजू दिसतात, दादाचीसुद्धा. कधीपासून दिसायला लागली, ते लक्षात नाही.

पोटात अजून दुखतं. दादाचं की तिचं, ते कळत नाही.

ती मला म्हणते, "बाबा, तुम्ही कधी हात लावून बघत नाही."

मी म्हणतो, माझे हात खरबरीत आहेत, पॉलिश जाईल.

खरं तसं नाही. मी बोट टेकवलं आणि ते आत गेलं, तर... ते मला बघायचं नाही.